सूर, ताल आणि वाणी : बालकांच्या श्रवण व वाचा विकासासाठी संगीतशिक्षणाचा उपयोग

प्रास्ताविक

मूल अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे पालक बहुधा त्याच वाक्यात स्वतःचे समाधानही करून घेतात : ‘थाळी वाजवली की वळून बघतो, म्हणजे ऐकू तर येते.’ घरातील वडीलधारी मंडळी ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असे सांगून धीर देतात. या दोन वाक्यांच्या आधारावर अनेक घरांत एक-दोन वर्षे निघून जातात आणि नेमकी तीच वर्षे मुलाच्या भाषेच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असतात.

थाळीचा आवाज नेहमीच्या बोलण्याहून कितीतरी मोठा असतो. शिवाय थाळी वाजविणाऱ्या हाताची हालचाल मुलाला दिसते आणि जमिनीचा कंपही त्याला जाणवतो. साधे संभाषण साधारणतः ६० डेसिबलच्या आसपास असते. मध्यम प्रमाणात श्रवणदोष असलेले मूल थाळीला प्रतिसाद देईल, परंतु आईचे बोलणे त्याला तुटक व अस्पष्ट ऐकू येईल. काही मुलांना फक्त उच्च कंप्रतेचे ध्वनी ऐकू येत नाहीत. अशा मुलाला ‘आ’, ‘ऊ’ हे स्वर ऐकू येतात, पण ‘स’ आणि ‘श’ पोहोचतच नाहीत. ते हाकेला वळते, म्हणून कोणाला शंका येत नाही. त्याचे बोलणे मात्र स्पष्ट होत नाही.

अशा बालकांच्या, तसेच कान चांगले असूनही ज्यांची वाचा मागे पडली आहे अशा बालकांच्या प्रशिक्षणात संगीताचा उपयोग कसा व किती करता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गंगापूर तालुक्यातील पालक, अंगणवाडी सेविका व प्राथमिक शिक्षक यांना हाताशी असलेल्या साधनांनी करता येईल असा पाठही पुढे दिला आहे.

आधी ऐकणे, मग बोलणे

बोलणे जिभेपासून सुरू होत नाही. ते कानापासून सुरू होते. गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात. अमेरिकेतील संशोधक अँथनी डीकॅस्पर व विल्यम फिफर यांनी १९८० मध्ये असे दाखवून दिले की, तीन दिवसांहून लहान अर्भकेही परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा स्वतःच्या आईचा आवाज ऐकणे पसंत करतात. २००९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी ६० नवजात अर्भकांच्या रडण्याचा अभ्यास केला. फ्रेंच मातांच्या बाळांचे रडणे चढत्या सुराकडे, तर जर्मन मातांच्या बाळांचे उतरत्या सुराकडे झुकलेले आढळले. त्या त्या भाषेतील बोलण्याची चालही तशीच असते. म्हणजे शब्द कळण्याच्या कितीतरी आधी बाळ भाषेचे संगीत उचलते. भाषेशी त्याची पहिली ओळख सुरांतून होते.

यामुळेच श्रवणदोषाचे निदान लवकर होण्याला महत्त्व आहे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार व प्रशिक्षणास प्रारंभ, असा ‘एक-तीन-सहा’ दंडक आज जगभर मानला जातो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला १९९८ चा अभ्यास या बाबतीत मार्गदर्शक ठरला. ज्यांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला, त्या बालकांची भाषा उशिरा निदान झालेल्या बालकांपेक्षा लक्षणीयरीत्या पुढे होती.

संगीत व वाणी यांतील सामाईक घटक

संगीत आणि भाषा या दोन निराळ्या गोष्टी असल्या तरी कानाच्या दृष्टीने त्यांची घडण पुष्कळशी सारखीच आहे. उच्चनीचता, कालमान, तीव्रता आणि नादाचा पोत या चार गोष्टींनी गाणेही बनते आणि बोलणेही बनते. आपल्या मराठीतील उदाहरणांवरून हे सहज ध्यानात येईल.

‘तू आलास.’ आणि ‘तू आलास?’ या दोन वाक्यांत शब्दांचा काहीच फरक नाही. फरक आहे तो केवळ शेवटच्या सुराचा. जे मूल सुराची चढ-उतार ओळखू शकत नाही, त्याला प्रश्न व विधान एकच वाटतात. रागावणे, लाडाने बोलणे, थट्टा करणे यांतील भेदही त्याच्या हातून निसटतो.

‘काट’ आणि ‘खाट’, ‘पळ’ आणि ‘फळ’ या जोड्यांतील अल्पप्राण व महाप्राण यांचा भेद सेकंदाच्या काही शतांश भागांचा असतो. ओठ किंवा जीभ सुटल्यानंतर स्वर सुरू होईपर्यंत श्वास किती काळ वाहतो, यावर तो अवलंबून असतो. तो टिपण्यासाठी कानाला कालमानाची सूक्ष्म जाण लागते. ‘वेल’ व ‘वेळ’, ‘काल’ व ‘काळ’ या शब्दांत जिभेचे स्थान बदलते आणि त्याबरोबर नादाचा पोत बदलतो. टाळ कोणता व घंटी कोणती हे ओळखणारा कान ज्या गुणाचा आधार घेतो, त्याच जातीच्या गुणावर ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे होतात.

संगीताच्या सरावाने वाणी ऐकण्याची क्षमता का वाढावी, याची उपपत्ती अनिरुद्ध पटेल या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये मांडली. तिचा आशय असा : संगीत व वाणी यांसाठी मेंदूतील काही यंत्रणा समान आहेत; संगीत त्यांच्याकडून अधिक अचूकतेची मागणी करते; आणि संगीतात आनंद, पुनरावृत्ती व एकाग्रता या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. मूल एखादा शब्द वीस वेळा म्हणावयास कंटाळते. तोच शब्द गाण्यात असला तर ते स्वतः होऊन पुन्हा म्हणू पाहते.

अभ्यास काय सांगतात

या विषयावरील काही अभ्यासांची येथे नोंद घेणे उचित होईल.

पोर्तुगालमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले गेले. एका गटास सहा महिने संगीत, तर दुसऱ्यास चित्रकला शिकविण्यात आली. संगीत शिकलेल्या मुलांची बोलण्यातील सुराचे सूक्ष्म भेद ओळखण्याची क्षमता आणि वाचनकौशल्य वाढलेले दिसले. २०१६ मध्ये अमेरिकेतील ख्रिस्तिना झाओ व पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांसाठी पालकांसह तालाच्या खेळांची बारा सत्रे घेतली. त्यानंतर त्या बाळांचे मेंदू केवळ संगीतातीलच नव्हे, तर बोलण्यातील कालमानाचे बदलही अधिक चांगल्या रीतीने टिपू लागल्याचे आढळले.

लॉस एंजेलिस येथील गरीब वस्त्यांतील मुलांसाठी चालणाऱ्या विनामूल्य संगीतवर्गाचा नीना क्राउस व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ सारखी वाटणारी अक्षरे वेगळी ओळखण्याची मेंदूची शक्ती दोन वर्षांच्या शिक्षणानंतर वाढली. एका वर्षानंतर मात्र तसा फरक दिसून आला नव्हता. आपल्या दृष्टीने यातील बोध महत्त्वाचा आहे. चार दिवसांच्या शिबिराने किंवा स्नेहसंमेलनापुरत्या बसविलेल्या गाण्याने हा लाभ होत नाही. सातत्य हेच येथे औषध आहे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. संगीत शिकल्याने मुलाची एकंदर बुद्धी वाढते, असा समज सर्वत्र पसरलेला आहे. जोवान्नी साला व फर्नांड गोबे यांनी २०२० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा या समजाला पुरेसा आधार मिळाला नाही. म्हणून संगीताकडून नेमकी अपेक्षा ठेवावी. ते ऐकण्याच्या व बोलण्याच्या सरावाचे एक उत्तम साधन आहे. सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे.

आपल्या परिसरातील सामग्री

या कामासाठी महागडी वाद्ये किंवा परदेशी खेळणी आणावयास नकोत. आपला परिसर या बाबतीत श्रीमंत आहे. मध्वमुनीश्वरांचे शेंदूरवादा हे गाव याच गंगापूर तालुक्यात आहे. त्यांचे शिष्य अमृतराय (१६९८–१७५३) यांनी मराठीतील ‘कटाव’ हा रचनाप्रकार लोकप्रिय केला. अनुप्रासांनी ठासून भरलेली, एका श्वासात द्रुत लयीत म्हणावयाची ही रचना म्हणजे जिभेला, ओठांना व श्वासाला उत्तम व्यायामच होय. शेजारच्या पैठणचे संत एकनाथ यांच्या भारुडांत एकाने म्हणावयाचे व इतरांनी साथ धरावयाची, अशी रीत असते. आपली पाळी येईपर्यंत ऐकणे आणि पाळी येताच बोलणे हा संवादाचा पहिला धडा त्यातून आपोआप मिळतो.

गावोगावच्या भजनी मंडळाकडे टाळ व पखवाज असतातच. पखवाजाच्या डाव्या तोंडास कणीक लावलेली असल्याने त्याचा नाद खोल व खर्जातील असतो. मूल पखवाजाच्या अंगावर हात ठेवून बसले, तर तीव्र श्रवणदोष असतानाही तो ठोका त्याला हाताने कळतो. टाळाचा नाद उंच व झणझणीत असतो. अशी एकमेकांपासून दूर असलेली ध्वनींची जोडी सरावाच्या प्रारंभी फार उपयोगी पडते.

तबल्याचे बोल हेही असेच एक लेणे आहे. आपल्याकडे तबला वाजविण्यापूर्वी तो तोंडाने म्हणावयास शिकवितात. यास ‘पढंत’ म्हणतात. वाचा-उपचार तज्ज्ञ मुलाच्या जिभेची चपळाई तपासताना ‘प-त-क’ ही अक्षरे भराभर म्हणावयास लावतात. ‘ता’, ‘धा’, ‘तिरकिट’ या बोलांचा सराव करणारा विद्यार्थी जवळजवळ तसाच व्यायाम रोज करीत असतो, तोही आनंदाने.

पाठाचा आराखडा

पुढील पाठ तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. दररोज वीस मिनिटे पुरेशी आहेत. एका वेळी चार-पाचांहून अधिक मुले नसावीत. ज्या मुलास श्रवणयंत्र दिले आहे, त्याने ते पाठापूर्वी लावलेलेच असावे व त्यातील बॅटरी तपासलेली असावी.

१. सहा ध्वनींची चाचणी. डॅनियल लिंग यांनी सुचविलेले ‘आ, ऊ, ई, म, श, स’ हे सहा ध्वनी मुलाच्या मागे किंवा बाजूस बसून, तोंड दिसू न देता, नेहमीच्या आवाजात एकेक म्हणावेत. ध्वनी ऐकू येताच मुलाने डब्यात एक मणी टाकावा. या सहा ध्वनींत बोलण्यातील खालपासून वरपर्यंतच्या कंप्रता येतात. काल ऐकू आलेला ध्वनी आज ऐकू येत नसेल, तर यंत्र किंवा कान तपासून घ्यावा.

२. आवाज कोणता? पखवाज, टाळ, घंटी व खुळखुळा यांपैकी दोन वाद्ये आधी दाखवून वाजवावीत व नंतर पडद्याआड वाजवावीत. मुलाने कोणते ते बोटाने दाखवावे. दोन जमल्यावर तिसरे आणावे.

३. लहान-मोठा, संथ-जलद. आवाज मोठा झाला की हात वर आणि लहान झाला की बसणे. लय वाढली की धावणे आणि उतरली की चालणे. आवाज थांबला की जागीच थांबणे. शांतता ओळखणे हाही श्रवणाचाच भाग आहे.

४. टाळी व खाली. दादऱ्याच्या सहा किंवा केरव्याच्या आठ मात्रा मोजून टाळी द्यावी व खालीच्या जागी हात मोकळा करावा. त्यानंतर ओळखीच्या शब्दांचे तुकडे टाळीवर पाडावेत : ला-सूर, गं-गा-पूर, शें-दूर-वा-दा. शब्द तुकड्यांचा बनतो, ही जाण पुढे वाचनासही उपयोगी पडते.

५. पढंत. प्रथम ‘ता-ता-ता’, मग ‘ता-ना-ता-ना’, मग ‘धा-धा-तिर-किट’. लय प्रारंभी अगदी संथ असावी. उच्चार बिघडला की लय कमी करावी. मुलास चूक दाखवीत बसू नये.

६. सुराची चढ-उतार. पेटीवर षड्ज व पंचम असे दूरचे दोन स्वर घ्यावेत. स्वर वर गेला की हात वर, खाली आला की हात खाली. पुढे हेच प्रश्न व विधान यांच्या जोडीस लावावे : ‘पाणी हवे?’ – ‘पाणी हवे.’

७. गाळलेला शब्द. मुलाच्या पाठ झालेल्या बडबडगीतातील ओळ म्हणत जावी आणि शेवटच्या शब्दापूर्वी थांबावे. मनात दहा अंक मोजेपर्यंत मुलाकडे हसून पाहत राहावे, पण शब्द पुरवू नये. या पायरीवर मोठ्या माणसांचीच परीक्षा अधिक होते. मुलास लागणारा वेळ आपण देत नाही आणि मग ते बोलत नाही म्हणतो.

८. गाण्यातून व्यवहारात. गाण्यात आलेला शब्द त्याच दिवशी जेवताना, अंघोळीच्या वेळी, अंगणात वापरावा. ही पायरी गाळली, तर मूल गाणी म्हणावयास शिकते, पण मागावयास व सांगावयास शिकत नाही.

श्रवणयंत्र व कॉक्लिअर इम्प्लांट असलेली मुले

निसर्गदत्त अंतर्कर्णात ध्वनीचे संदेश मेंदूकडे पाठविणाऱ्या सुमारे ३,५०० केशपेशी असतात. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये त्यांचे काम जेमतेम वीस-बावीस विद्युत्अग्रांना करावे लागते. त्यामुळे या मुलांना ताल चांगला कळतो, परंतु सुरांतील बारीक फरक कळणे कठीण जाते. त्यांच्या पाठात ताल आधी आणि सूर नंतर असा क्रम ठेवावा. एक कंठ व एक वाद्य याहून अधिक गर्दी प्रारंभी नसावी. ध्वनिक्षेपकावरील वाद्यवृंदापेक्षा समोर बसून गाणाऱ्या आईचा साधा आवाज त्यांना अधिक कळतो. फिनलंडमधील रित्वा तोर्पा व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम या बाबतीत दिलासा देणारे आहे. ज्या इम्प्लांटधारक मुलांच्या घरी गाण्याचा परिपाठ होता, त्यांना गोंगाटात बोलणे समजून घेणे तुलनेने अधिक जमत असल्याचे त्यांना आढळले.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करावासा वाटतो. सर्वच मुले या मार्गाने बोलू लागतील असे नाही, आणि त्यात मुलाचा किंवा आईचा काही दोष नसतो. भारतीय सांकेतिक भाषा ही एक परिपूर्ण भाषा आहे. २०१५ साली नवी दिल्ली येथे तिच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. बोलण्याची वाट पाहत मुलास भाषेविना ठेवण्यापेक्षा खुणांच्या भाषेची जोड देणे केव्हाही हितावह आहे.

मर्यादा व सावधगिरी

संगीताने बहिरेपण बरे होत नाही. ते चाचणीची, श्रवणयंत्राची वा शस्त्रक्रियेची जागा घेऊ शकत नाही. अडखळत बोलणारी मुले गाताना बहुधा अडखळत नाहीत. परंतु गाण्यातील ओघ बोलण्यात आपोआप उतरत नाही, त्यासाठी वाचा-उपचार लागतातच. पुढीलपैकी कोणतीही गोष्ट आढळल्यास गाणी म्हणत थांबू नये, तपासणी करून घ्यावी :

• सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने वळत नाही.
• एक वर्षाचे बाळ नावाने हाक मारल्यास प्रतिसाद देत नाही किंवा ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे बोल काढीत नाही.
• दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता येत नाहीत.
• आलेले बोलणे कोणत्याही वयात मागे पडले.
• कान वाहतो, किंवा वारंवार सर्दी होऊन ऐकणे कमी-जास्त होते.

वाहत्या कानात तेल, दूध अथवा झाडपाल्याचा रस घालू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालकांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात. मिरवणुकीतील ध्वनिभिंतीजवळ लहान मुलांस नेणे हेही त्यांच्या कानांवर घाला घालण्यासारखेच आहे.

नवजात बाळाची चाचणी ते झोपेत असतानाही करता येते. तिला वेदना नसतात आणि वयाची किमान अटही नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला. त्याअंतर्गत अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी होते आणि गरजू बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले या तपासणीच्या दिवशी गावात नसतात. त्यांची नोंद ठेवून, परतल्यावर त्यांना आवर्जून बोलावणे हे सेविका व शिक्षकांच्या हाती आहे. विशेष प्रकरणी मुंबईतील वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेल्या अलि यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे मार्गदर्शन घेता येते.

समारोप

थाळीकडे वळून पाहणारे मूल ‘ऐकते’ असे मानून आपण निश्चिंत होतो. खरा प्रश्न, ते मागून हळू आवाजात म्हटलेला ‘स’ ऐकते का, हा आहे. तो प्रश्न पहिल्या वर्षातच विचारला गेला, योग्य तपासणी झाली आणि त्यानंतर रोजची वीस मिनिटे कोणी त्या मुलासमवेत बसून गायले, तर पुढील बरेच काही साध्य होऊ शकते. टाळ देवळात आहेत, पखवाज आहे, आजीच्या ओठांवर ओव्या आहेत. त्या ओव्यांना आता शास्त्राची व सातत्याची जोड द्यावयाची आहे. आपल्या घरात, गल्लीत वा वस्तीवर न बोलणारे एखादे मूल असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ असे म्हणण्यापूर्वी त्याचे कान तपासले आहेत काय, एवढे तरी प्रत्येक वाचकाने विचारावे, ही नम्र विनंती.